माझा नंबर आला की बोलेन

...नाही, पण मी काय म्हणतो, गुनीलबाईंनी आम्हाला स्पॅनिशमधला भूतकाळ शिकवला, भविष्यकाळ शिकवला, हॉटेलात जादा टॉवेल कसा मागायचा ते शिकवलं, मग समोरचा माणूस बोलायचा थांबतच नसेल तर मधे कसं घुसायचं, हे एवढं एकच का नाही शिकवलं? दोन हिवाळे घातले हो मी! दर मंगळवारी संध्याकाळी, उणे पंचवीसात, आमच्या या स्वीडिश गावातल्या जुन्या शाळेच्या त्या खोलीत साठी उलटलेली आम्ही सात माणसं, दाराशी बूट काढून मोज्यांवर गोल करून बसलेली, मधे कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे बन. बाईंची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. डावीकडून सुरुवात, प्रत्येकानं एक वाक्य, मग पुढचा. मधे कुणी तोंड घालायचं नाही. चूक सांगायची असली तरी बाई स्वतः आपला नंबर येईपर्यंत थांबायच्या! मला फार आवडायचं ते. आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली मी, तिच्यात बोलायला असतं कोण? इथं आठवड्यातून एकदा का होईना, माझा नंबर यायचा.

आता तुम्ही म्हणाल, इवार, या वयात स्पॅनिश कशाला? तर तूवासाठी. माझी एकुलती एक पोर. जावई गोन्सालो, तिकडचा, स्पेनमधल्या मुर्सियाकडचा. भला माणूस, माझ्याबरोबर लाकडं फोडतो, फक्त फोडताना बोलतो. नात सिगने चार वर्षांची, रोज सकाळी माझ्याकडे लापशी खायला येते, कारण आईच्या लापशीत गुठळ्या असतात. दोन घरं सोडून राहतात सगळी. आणि एक दिवस कानावर आलं की जावयाची आई, रेमेदिओसबाई, फोनवर सारखं म्हणते, 'इकडे या रे राहायला, त्या अंधारात काय करताय?' आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. ही तिघं गेली की घरात मी आणि रेडिओ. तूवाला काही बोलावं, तर पोरीच्या पायात आपण कशाला अडकायचं? म्हणून ठरवलं, थेट विहीणबाईंशीच बोलायचं. एकच वाक्य, पण त्यांच्या भाषेत. 'विहीणबाई, पोरांना इथंच राहू द्या, मी एकटा आहे.' गुनीलबाईंनी ते तपासलं, मी कार्डावर लिहून घेतलं आणि महिनाभर लाकडांच्या खोपीत उभा राहून ओंडक्यांना म्हणून दाखवलं. एकाही ओंडक्यानं मला मधे तोडलं नाही.

जूनमध्ये त्या आल्या. पहिल्याच संध्याकाळी माझ्यासमोर बसल्या आणि सुरू झाल्या. मी म्हटलं, असू दे, पाहुणी आहे, माझा नंबर आला की बोलेन. टोमॅटोचं झालं, यजमानांच्या गुडघ्यांचं झालं, शेजारणीच्या कोंबड्यांचं झालं... अहो, ही बाई श्वास कधी घेते? एकदा थांबल्यासारख्या वाटल्या, मी खिशातलं कार्ड चाचपलं, तर त्या फक्त बन गिळत होत्या. दुसरी संध्याकाळ तशीच. मी आपला, नंबर आला की बोलेन, नंबर आला की बोलेन... कळत होतं म्हणाल तर वीस शब्दांतला एक. लिंबू कळलं. खोली कळली. रंग कळला. पण समोरचा जीव तोडून बोलतोय, तर आपण ऐकतोय हे दाखवायला नको? मग आपल्या रीतीनं मधनंमधनं हो म्हणत होतो. आणि हो म्हणायला आपण इथं तोंड कुठं उघडतो? बशीतून गरम कॉफी ओढावी तसा श्वास आत ओढला, श्श्प, की झालं हो. तीन संध्याकाळी मी श्श्प, श्श्प करत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी तूवाचा दंड धरला आणि त्यांच्या भाषेत काही विचारलं, काय ते मला मागाहून कळलं. 'अगं, तुझ्या बाबांना दमा आहे का? मी काही बोलले की यांचा जीव घाबरा होतो.' तूवा हसायलाच लागली. म्हणाली, 'नाही हो आई, ते हो म्हणतायत. आमच्याकडे हो असंच म्हणतात.'

बाईंनी छातीवर हात ठेवला. 'हो? सगळ्याला हो?' आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला काही समजेना. तेवढ्यात तूवा माझ्याकडे वळली, तिचाही आवाज कापरा झालेला. 'बाबा, तू यांना हो म्हणालास? त्यांनी लिंबाच्या झाडाकडची खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी. तीन दिवस तेच सांगतायत. म्हणतायत, त्या माणसाला एकटं टाकून पोरं माझ्याकडे येणार असतील तर मला नकोत, येतील तर त्याला घेऊनच येतील.'

आणि तुम्हाला सांगतो, विहीणबाई गप्प झाल्या. गोन्सालोसुद्धा गप्प. टेबलावर कुणी बोलेना, सगळे माझ्याकडे बघतायत, सिगने तेवढी चमचा चाटतेय. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो माझा नंबर आला होता. कार्ड खिशात. वाक्य पाठ. पण जी बाई मला एकटं टाकायला तयार नाही, तिला मी एकटा आहे म्हणून काय सांगू? लाज वाटली मला, आणि फार बरंही वाटलं. दोन हिवाळ्यांचं स्पॅनिश, आणि मी काय बोललो?

श्श्प.

झालं. आता ऑक्टोबरपासून सगळे तिकडे, उन्हाळ्यात सगळे इकडे. खोली छान आहे, लिंबं खिडकीतून हाताला येतात. त्या घरात अकरा माणसं एकदम बोलतात, मी आपला कोपऱ्यात, माझा नंबर आला की बोलेन म्हणून बसलेलो असतो. मंगळवारी मात्र मी विहीणबाईंना स्वीडिश शिकवतो. गुनीलबाईंच्याच पद्धतीनं, प्रत्येकानं एक वाक्य, मग पुढचा. दोघंच आहोत आम्ही. नोव्हेंबरात सुरुवात त्यांच्यापासून केली, अजून त्यांचाच नंबर चालू आहे.