वेबसाइटवरून आलेला पहिला अशील

"हॅलो?"

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, मितिलिनी शहरातल्या बंदरासमोरच्या आपल्या कचेरीत वकील एव्दोकिया कालामारा हिने फोन उचलला.

"हो, मीच बोलतेय… वेबसाइटवर? माझा लेख वाचलात? अरे वा!… अहो, खूश का नको होऊ? एवढं लिहिते, त्यावरून फोन करणारे तुम्ही पहिलेच. कुठला लेख?… परदेशी गेलेल्या बहिणीचा ऑलिव्हच्या बागेतला हिस्सा… हो, हो, तोच."

तिने कॉफी बाजूला सरकवली आणि पेन घेतलं.

"बोला, तुमचं काय आहे?… अगदी तसंच? बहीण परदेशात, आणि बाग तुम्ही राखता?… मग काका, लेख बहिणीच्या बाजूने आहे, तुम्ही समोरच्या बाजूचे झालात की!… नाही, नाही, हसत नाहीये. भावांनाही वकील लागतोच. नाव काय म्हणालात?… बरं, नंतर सांगा. गाव?… तेही नंतर?"

पेन थांबलं. वकिलाने माहिती द्यावी, जाहिरात करू नये, असा वकील संघाचा दंडक होता. संघातलंच कुणी आपल्याला चाचपून बघतंय की काय?

"एक विचारू? तुम्हाला संघाने तर नाही ना पाठवलं?… मग 'नक्की जिंकून देता का' हे कशाला विचारताय? मी असं कुठेही लिहिलेलं नाही… लेखातली बाई? अहो, उदाहरण आहे ते. त्यात नावं कुठायत?… हो, बहीण दर उन्हाळ्यात येते, बागेतल्या छोट्या प्रार्थनाघराला चुना लावते, सणाचा पाव तिच्या नावाने वाटला जातो, हे लिहिलंय. म्हणजे तिने जमीन सोडलेली नाही, एवढंच… काय म्हणालात? संत एर्मोलाओसच्या सणाला?… थांबा. संताचं नाव मी लेखात घातलेलं नाही."

एव्दोकिया उठून उभी राहिली. कायद्याची कलमं कुणी वाचत नाही, खरं काहीतरी लिही, लोक आपोआप येतील, असं वेबसाइट करणाऱ्या मिर्तोने तिला बजावलं होतं. म्हणून एव्दोकियाने आपल्या एका अशिलाचं चालू प्रकरणच लेखात घेतलं; नावं काढली आणि बाकी सगळं ठेवलं. शेवटची ओळसुद्धा: गावचे पाद्री बहिणीच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहेत.

"तुम्ही लेफ्तेरिस. माझ्या अशील स्तामातियाचे भाऊ… ओरडू नका… लेख कुणी दाखवला? मुलीने, अथेन्सहून?… हो, शुक्रवारी मुदत संपायच्या आत जमीन नोंदणी कचेरीत तुमच्या दाव्याला हरकत घेणार आहोत, ते तुम्हाला कळणारच होतं… राबलात तुम्ही, कोण नाही म्हणतंय? पण म्हणून फाटकाला कुलूप घालून सगळी बाग आपल्या नावावर… अहो ऐका ना, पाद्रीबाबांना यात ओढू नका… कुठून बोलताय तुम्ही?… त्यांच्या ओट्यावरून?… नको, फोन नका देऊ त्यांना, मी स्वतः त्यांच्याशी… लेफ्तेरिस!…

"हॅलो?… नमस्कार, पाद्रीबाबा… नाही बाबा, तुमचं नाव नाही लिहिलं… हो, गावात पाद्री एकच, हे खरं. चुकलंच माझं… पण पाव तुम्हीच आशीर्वाद देऊन वाटायचात ना, दर वर्षी? स्तामातियाचं नाव मोठ्याने घेऊन?… आठवत नाही म्हणजे? गेल्याच महिन्यात माझ्यासमोर बसून सांगितलंत!… बाबा, तो शेजारी उभा आहे का? नुसतं हो म्हणा… हो की नाही, एवढंच… बाबा?… हॅलो? हॅलो?"

फोन कटला होता.

दुपारपर्यंत तो लेख वेबसाइटवरून काढण्यात आला. पाद्रीबाबांचा फोन त्यानंतर लागलेला नाही. स्तामातिया स्टुटगार्टमध्ये कामावर आहे. तिला अजून कुणी काही कळवलेलं नाही.