पायाळूच पाहिजे

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही पेपरवाले ना, मग द्या डॉक्टरला दम. तुम्हाला सांगतो, उभा जन्म सुरतेत बातमीदारी केली, मिलमालकांशी भांडलो, महापालिकेशी भांडलो, पण भेस्तानच्या त्या दवाखान्यात जे घडलं ते मी छापू कसं?

शेजारचा निंबा, लूमवर कामाला, सकाळी दारात उभा. "भाऊ, डॉक्टरीन योगिताचं सिझर म्हणते. आम्ही नाही म्हटलं." बायको त्याची, पहिलटकरीण. माझं डोकं फिरलं. म्हणजे लूटच ना? तसाच तणतणत केबिनमध्ये घुसलो. पारुलबेन डॉक्टरांनी आधी चहा मागवला, मग सोनोग्राफी पुढे धरली. "मोटाभाई, डोकं कुठे? वर. पाय? खाली. पाणी कमी झालंय. पाय निघतील, डोकं अडकेल, बाळ गुदमरेल. मग काय छापशो?"

मी चहा प्यायलो. दुसरं काय करणार?

बाहेर येऊन योगिताला म्हटलं, बाई, कर सिझर. तर ती कळा सोसत, भिंतीला धरून म्हणते, "काका, मूल पायाळू आहे." आता पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याची लाथ लागली की धरलेली कंबर सुटते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि लूमवाल्यांच्या गल्लीत धड कंबर कोणाची आहे हो? "पायाळूची आई म्हटल्यावर मला घालूनपाडून कोण बोलेल? पोट कापून काढलं तर म्हणतील, हा पायाळू खोटा."

सासू धुरपदाबाई बाकावरून, कमरेवर हात, "तिनं म्हणणं खरं शे." सासूसुनेचं एकमत, तेही नेमकं इथे! हे मी छापू कसं?

मी विज्ञान सांगितलं, आवाज चढवला, नर्सने मला गप्प केलं. शेवटी पारुलबेन आल्या. "योगिता, बाळ असं असेल तर सिझरमध्येही मी पग धरूनच काढते. पाय पहिले, डोकं शेवटी."

योगिताने भिंत सोडली. मग मला म्हणाली, "काका, ऐकलंत ना? उद्या गल्लीत तुम्ही सांगायचं." आणि गेली आत. म्हणजे विज्ञान राहिलं बाजूला, मी पायाळूचा साक्षीदार!

मग नुसत्या येरझारा. पारुलबेननी दार उघडलं. "मुलगी. दोघी सुखरूप." निंबा मटकन खाली बसला, रडायलाच लागला. धुरपदाबाई मात्र, "पहिले पाय ना?"

"पाय."

"मुलगी ते मुलगी. लाथ ते मारीच ना."

दुसऱ्या दिवशी गेलो तर वॉर्डाबाहेर पाळी सुटलेल्या कामगारांची रांग. धुरपदाबाई नातीचा पाय एकेकाच्या कमरेला टेकवतेय, योगिता खाटेवरून हुकूम सोडतेय. आणि रांगेत सर्वांत पुढे, तुम्हाला सांगतो, खुद्द पारुलबेन! म्हटलं, मॅडम, तुम्ही? "शुं करू, मोटाभाई, सगळा दिवस ऑपरेशनला उभी असते."

चांगलं खडसावणार होतो. पण मागून कोणीतरी ओरडलं, "ओ पेपरवाले, बोलायचं ते बोला, पण शर्ट वर करा, तुमच्यामुळे रांग अडलीय."