त्यांनी ते खरं धरलं

...अहो, मी 'नको' म्हणालो, तर त्या माणसानं ते खरं धरलं! तुमाला सांगतो, नवीन पनवेलमधलं एवढं भारी हॉटेल, मोजून चार टेबलं, दिवे इतके मंद की समोरचं माणूस आवाजावरनं ओळखायचं... आणि वाढायची रीत? रीतीच्या नावानं बोंब!

पोरगी आली होती ना, समीक्षा, बंगलोरवरनं, कंपनीच्या कामाला. म्हणाली, 'बाबा, आई गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही. चला, टेस्टिंग मेनू खाऊ, एकेक घास येतो, मजा असते.' मी म्हटलं, टेस्टिंग? ती तर आमी चुलीपाशी करतो, मीठ लागलंय का बघायला, फुकट! पण पोरीनं हौसेनं टेबल धरलेलं, तिच्या लग्नातला सफारी चढवला नि गेलो.

पहिली ताटली आली. ताटली एवढी की आमच्या रोडपाली गावच्या घरात तिच्यात चौघं जेवली असती, आणि मधोमध काय? कोळंबी. एक! वरनं पांढरा फेस. शेफ स्वतः येऊन सांगतो, 'काका, ही खाडीची आठवण.' म्हटलं बाबा रे, आमच्या खाडीतनं टोपलीनं यायची ही, आता आठवणीपुरती एकच उरली होय? पण खाल्ली... आणि देवाशप्पथ, डोळेच मिटले! सत्यवतीच्या हातची चव, जवळपास तीच. सत्यवती म्हणजे आमची ही, पोरीची आई.

तो म्हणतो, 'आवडली? अजून एक आणू?' मी म्हटलं, 'नको, नको.' आता तुमीच सांगा, पहिल्या खेपेला 'हो' कोण म्हणतं? माणूस हाय का हावरट? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा बोटं जराशी फाकवायची, म्हणजे वाढणाऱ्याला जागा होते! आमची ही त्या फटीतनं कालवण ओतायची ओ! 'घ्या गपचूप, मी काय पोटाचं माप घेतलंय तुमच्या?' आणि हा शेफ? 'बरं काका' म्हणाला नि गेला! खरं धरलं!

मग मटणाचा तुकडा आला, तीच गत. गरम पाव आला, तीच गत. मी नको म्हणतोय, हात आडवा घालतोय, ते ताटल्या उचलतायत! समीक्षा हसून हसून लाल. 'बाबा, इथे हवं असेल तर हवं म्हणायचं असतं. आई असती ना, शेफच्या हातातला डाव काढून घेतला असता तिनं!' आणि हसलो दोघं, अख्ख्या हॉटेलात आमचाच आवाज... किती दिवसांनी मी कुणाबरोबर जेवत होतो ओ. घरी टीव्ही लावून बसतो, बातम्यांवाल्या बाईशी बोलतो, पण ती कुठं अजून घ्या म्हणते? एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय मला, खरं सांगतो.

बाहेर आलो. तिला विमानतळावर न्यायला गाडी उभी. दारापाशी पोरगी थांबली, म्हणाली, 'बाबा, राहू का आज घरी? विमान उद्याचं करते.'

आता ऐका. सकाळीच मी तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली. खाडीचा जिताडा मासा आणून कालवण करून ठेवलेलं, म्हटलं राहिलीच तर. आणि तोंडातनं काय निघावं? 'नको, नको, तुझं काम हाय, उगाच कशाला!' वर हात पण आडवा केला. पण बोटं... बोटं फाकवली होती ओ मी!

ती म्हणाली, 'बरं बाबा, जपा.' गाडी गेली. पोटची पोरगी, पण तिनं पण खरं धरलं.

असो. कालचं कालवण हाय अजून, मुरल्यावर जिताडा जास्त चांगला लागतो. बसा, दोन घास खाऊन जा... नको? अहो, थोडंसं... नको? बरं, आता तिसऱ्यांदा विचारतो... हात आडवा धरलात? थांबा, बोटं बघू...

घट्ट हायत. बरं. खरं धरतो.