किती वर्षांची टाकी

दुकानदार: आज पिशवी दिसत नाही हातात? मासा कुठाय?

आई: आज बदलायचा नाही, काका. टाकी हवी आहे. मोठी.

दुकानदार: उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं. बोटाएवढा न्यायचा, वीतभर व्हायला आला की इथे आणून सोडायचा, नि पुन्हा हुबेहूब तसाच बोटाएवढा शोधायचा. मासा म्हणजे काय शर्टाचं बटण आहे जुळवून न्यायला? तुमचे सगळे मागच्या टाकीत मजेत आहेत, पण मला कोडं काही सुटलं नाही.

आई: मुलीसाठी करत होते. ती अंथरुणातच असते. बारा वर्षांची आहे, पण आजारानं वाढच थांबली. बघणाऱ्याला सहाचीच वाटते. मासा आणला तेव्हा म्हणाली, हा तरी माझ्याएवढाच राहील ना गं? मी सांगून बसले, लहान टाकीतला मासा लहानच राहतो.

दुकानदार: थाप आहे ती. सगळे हेच ऐकून येतात. मासा टाकी बघून वाढत नसतो, ताई. जागा कमी पडली की पाणी नासतं, पाठीचा कणा वाकतो, नि बिचारा आतल्या आत झिजतो.

आई: कळलं ते मला. पहिला मासा भराभर वाढायला लागला. ती झोपली होती, तेवढ्यात बदलला. मग बदलतच राहिले.

दुकानदार: आणि तिच्या लक्षात आलं नाही?

आई: पहिल्यापासून आलं होतं. परवा म्हणाली, आई, तुला किती हेलपाटे पडतात. आधीचे कुठे आहेत म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तर केवढी हसली. म्हणाली, म्हणजे ते झाले मोठे. आता ह्याला नको नेऊस, ह्याला टाकी आण.

(दुकानदार काउंटरमागचं स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवतो.)

दुकानदार: बसा जरा. हे बघा, टाकी घेताना मासा आज केवढा आहे ते बघायचं नसतं. पुरता वाढल्यावर केवढा होईल, ते धरून चालायचं. नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा जगतो. तुम्ही ही तीन फुटी घ्या. पुन्हा बघायला नको.

आई: लहान नाही एखादी?

दुकानदार: आहे की दीड फुटी. पण वर्षभरात तोकडी पडेल. मग पुन्हा याल.

आई: वर्षभर नकोय, काका. डॉक्टरीणबाईंनी काल मला एकटीला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, पुढचा हिवाळा धरून चालू नका.

(दुकानदार दीड फुटी टाकी खाली काढून काउंटरवर ठेवतो.)

आई: तोवर पुरेल ना दीड फुटी?

दुकानदार: तोवर... हो. तोवर पुरेल. देऊ का बांधून?

आई: ही तीन फुटी भरल्यावर जड होत असेल.

दुकानदार: दोन माणसांचं वजन होतं. खाली भक्कम स्टँड लागेल. कॉटशेजारी एवढी जागा आहे का पण?

आई: एका बाजूला तिचं मशीन आहे. दुसऱ्या बाजूला मी गादी घालते. ती उचलेन.

दुकानदार: अन् झोपणार कुठे?

आई: झोप लागते कुणाला.

दुकानदार: ताई, माझा धंदा आहे विकायचा, तरी सांगतो. दीड फुटीत भागतंय. पाणी बदलायला मी येत जाईन. कशाला एवढं मोठं धूड घरात घेता?

आई: तुम्ही आत्ता सांगितलंत ना, टाकी कशी निवडायची ते, तेच तिनं फोनवर वाचलंय. मला वाचून दाखवलं. तीन फुटीच द्या, काका. मी दारात पाऊल टाकलं की ती विचारणार, किती वर्षांची आणलीस म्हणून.