एका ओळीची हरकत

मंडळी, माझ्या कीर्तनात पेटीवर बसलेले हे तात्या बोरगावकर. यांनी मला एक गोष्ट बजावली होती, आणि मी ती झटकून टाकली. म्हणाले होते, "ताई, राग आला तर तोंडानं बोला. लिहून काही देऊ नका. आपल्या नगरपरिषदेत कागद आत जातो, बाहेर येत नाही." मी हसले! म्हटलं, "तात्या, तुम्ही सूर सांभाळा, बाकीचं मी बघते." बघितलं हो — चांगलंच बघितलं!

आजचा प्रश्न असा, की ज्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, त्याचं काय होतं? तुम्ही म्हणाल, त्याचंच वाटोळं होतं. पुराणात तसंच होतं. पुराणात सगळं सोपं असतं! मी आपल्याच गावातलं आख्यान सांगते. यातली मत्सरी बाई कोण? इकडेतिकडे बघू नका! ती इथं उभी आहे, चिपळ्या घेऊन.

बाहेरगावचे पाहुणे बसलेत, म्हणून आधी गावाचं सांगते. आमचे अध्यक्ष वारले, पोटनिवडणूक कोर्टात अडकली. उरले सोळा सदस्य — आठ इकडचे, आठ तिकडचे! यांनी सभा बोलावली की ते उठून जातात, त्यांनी बोलावली की हे चहाला जातात. चौदा महिन्यांत एक ठराव नाही! मग मुख्याधिकाऱ्यांनी वाट काढली. लहान काम असलं की फळ्यावर नोटीस लावायची. आठ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर साहेब सही करणार. आली, तर विषय सभेपुढे. आणि सभा कधी? — हसता काय!

आता सिंधू कुलथे. आम्ही एका कॉलेजात, एकाच बाईंकडे गाणं शिकलो. सिंधू एकटी राहते. एका खोलीचं घर, भिंतीपलीकडे कुरकुरणारा घरमालक. सूर लावायला जागा म्हणजे नगरपरिषदेचं कलामंदिर. तिथं अठरा मुलांना संगीत नाटक शिकवायची. तेच तिचं जगणं. आणि दिवाळीत कलामंदिराचं वायरिंग जळलं!

सिंधूनं खेटे घातले, अर्ज केला, तोच नोटीस म्हणून फळ्यावर लागला. मी फळ्यापाशी थांबून वाचलं — 'चैत्रात तीन संध्याकाळी, मुलांचं नाटक.' चैत्रात? त्या मंचावर पाच वर्षं चैत्रात माझं कीर्तन होतं! तिथूनच मी परतले. अर्जाचा वरचा अर्धा भाग वाचलाच नाही.

तरी गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात काय झालं, ऐका. इथंच, या सभामंडपात, माझी नऊ महिन्यांची रेवा रडत होती. मी सगळं गाऊन पाहिलं. थांबेना! सिंधू आली, "दे गं जरा," म्हणाली, मांडीवर घेतलं, नुसतं गुणगुणली — आणि पोर झोपलं! मंडळी, कीर्तनकार मी, आई मी, आणि लेकरू निजलं तिच्या सुरावर! आयांनो, तुम्ही काय म्हणाला असतात? "बरं झालं बाई." मीही तेच म्हणाले. गोड हसून म्हणाले. आणि घरी जाऊन कागद घेतला!

एकच ओळ — 'सदर अर्जास माझी हरकत आहे.' खाली सही. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढे? रेवाला गोवराची लस द्यायला गुरुवारी दवाखान्यात गेले. दवाखाना कुठे? कलामंदिराच्याच मागच्या खोल्यांत! सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता तालुक्याला जा. बावीस किलोमीटर."

"का हो?"

"फ्रिज बंद. शेजारच्या शाळेतून वायर ओढली होती, ती त्यांनी काढली. किती दिवस देतील? वायरिंगचं काम मंजूर व्हायला आलं होतं, त्या अर्जावर कुणीतरी हरकत घेतली. कोण मेली सटवी आहे, देव जाणे!"

देव जाणे! आणि मी जाणे! अर्जाचा वरचा अर्धा भाग — तो वायरिंगचा होता.

धावत कचेरीत गेले. पाटणे क्लार्कना म्हटलं, "हरकत मागे घ्यायची आहे."

"घ्या की. पण विषय आता सभेचा झाला. मागे घेणंसुद्धा सभाच मंजूर करणार."

"सभा कधी?"

"ते देवाला विचारा. तुमची ओळख आहे!"

एका गटाच्या पुढाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "छान केलंत, ती बाई त्यांची होती." दुसऱ्याकडे गेले. "बरं झालं, ती त्यांचीच!" मंडळी, ती कुणाचीच नव्हती हो! ती फक्त गात होती.

माझी रेवा मोटारसायकलवर जाऊन टोचून आली. ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांच्या बाळांचं काय? सोळा जणांना आपण शिव्या देतो. पण त्यांना आठ-आठ कुणी केलं? शेजारणीच्या नळाला आधी पाणी आलं, म्हणून मत फिरवणारे कोण? त्या फळ्यापुढून तुम्हीही जाता. कुणाकुणाच्या खिशात पेन आहे, ज्यानं त्यानं चाचपून बघा!

सिंधूची मुलं एकेक करून यायची थांबली. तिला कुणी म्हणालं, हरकत माझी असेल. त्यावर ती काय म्हणाली ठाऊक आहे? "ती? छे! ती कशाला घेईल?"

ते माझ्या कानावर आलं, आणि काल संध्याकाळी मी रेवाला कडेवर घेऊन तिच्या दारात गेले. सगळं सांगितलं. रेवानं सिंधूकडे हात पसरले. रोज घ्यायची — काल घेतलं नाही. मला हेच हवं होतं ना? दार लावलं तिनं.

आज दोनदा जाऊन आले. कडी आतून. मी हाक मारली तर ती उघडणार नाही, आणि तो तिचा हक्कच आहे. म्हणून आरती थोडक्यात घेऊ. प्रसाद घेतलात की घरी जाताना कुंभार आळीतून जा. शेवटचं घर, निळं दार. माझं नाव काढू नका. तिला तिच्या नावानं हाक मारा — आणि ओ येईपर्यंत तिथून हलू नका.