गेरूचा आकडा

(करंजाडे, १९६३. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करणारा कमळाकर तीन वर्षांनी पुन्हा त्याच घरी आला आहे. ओट्यावर गुणाबाई आणि तिची सून शकू.)

गुणाबाई : म्हातारपन लिवा.

कमळाकर : तसं चालत नाही, आजी. म्हातारपण हे मरणाचं कारण म्हणून घेत नाहीत. वरून कागद परत येतो.

गुणाबाई : मंग वरच्यांना काय पायजे?

कमळाकर : आजार. ताप, दमा, हगवण... छापील यादी आहे. मागच्या खेपेला तुमचे यजमान बुधाजी ठणठणीत होते. हे बघा, लिहिलंय. वय अडुसष्ट, दम लागत नाही, गुडघे बरे. फक्त दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

गुणाबाई : तुमीच बॅटरी मारून बगितलात.

कमळाकर : कधी गेले?

गुणाबाई : शिमग्याला.

कमळाकर : कशानं?

शकू : पान्यात परले. मिठागराच्या बांधावरून पाय चुकला.

गुणाबाई : गुडघाभर पानी व्हता.

कमळाकर : गुडघाभर पाण्यात?

गुणाबाई : तोंड चिखलात गेला. दिसत नव्हता ना. कुठल्या बाजूला उठायचा, ता कलला नसंल.

कमळाकर : मग 'अपघात' लिहितो... पण आजी, ऑपरेशन का नाही केलंत? शिमग्याच्या आधीच पनवेलला मुंबईचे डॉक्टर आले होते. फुकट करत होते.

शकू : माझा भाऊस बैलगारी जुंपून आलेला न्यायला. मामंजी उठले नाय.

कमळाकर : घाबरले?

शकू : घाबरतात कशाला! बोलले, माझा नाव सरकारनी लिवलाय. डोल्यांचा डाक्टर घरी येल नि मी घरात नसलो तर? नंबर जाईल माझा.

कमळाकर : मी तसं म्हटलं नव्हतं.

गुणाबाई : नाय बोललात.

कमळाकर : आम्ही फक्त मोजतो, आजी. किती म्हाताऱ्यांना दिसत नाही, किती जणांना ऐकू येत नाही. डॉक्टर पाठवणं आमच्याकडे नसतं.

गुणाबाई : ता आता कलला. तवा तुमी बॅटरी मारलीत, नाव लिवलात, भिंतीवर गेरूनी आकडा टाकलात. आमाला वाटला, लिवला म्हंजे येतील.

शकू : तीन दिवाल्या भिंत सारवली, तेवरा तुकडा सोरून. आकडा पुसला तर डाक्टरला घर कसा गावंल, बोलायचे. रोज सकाली इचारायचे, शकू, आकडा हाय का गं?

कमळाकर : एक्केचाळीस.

शकू : हाय अजून. बगा मागं.

कमळाकर : ...मी सांगायला हवं होतं. त्या दिवशी तीस घरं उरकायची होती. घाईत होतो. चूक माझी आहे, आजी.

गुणाबाई : असंल. चा घेताव?

कमळाकर : नको.

गुणाबाई : मंग फुरचा इचारा. माझा राह्यलाय ना?

कमळाकर : हो... वय?

गुणाबाई : पयल्या पलेगाच्या साली अंगावर पीत व्हते, आई सांगायची.

कमळाकर : सदुसष्ट धरतो. ऐकू येतं?

गुणाबाई : येतंय. शकू मनातल्या मनात बोलते, ता पन येतंय.

कमळाकर : झोप?

गुणाबाई : लागते. आता कोन उठवायला नाय.

कमळाकर : जरा उजेडाकडे बघा. वर... आजी, डाव्या डोळ्यात...

गुणाबाई : म्हाईत हाय मला. धूर दिसतंय.

कमळाकर : पुढच्या महिन्यात ते डॉक्टर परत येणार आहेत. मी स्वतः येऊन तुम्हांला पनवेलला नेतो.

गुणाबाई : नको. मंग मी तुमची वाट बगत बसन.

कमळाकर : मग कशा जाल?

गुणाबाई : शकूचा भाऊस नेल. तुमी येक करा, दादा.

कमळाकर : सांगा ना.

गुणाबाई : माझा नाव लिवू नका.