माळावरच्या बाभळींना गिऱ्हाईक

...आता तुम्हीच सांगा, माणूस रोख पैसे घेऊन दारात उभा आहे, 'द्या' म्हणतोय, घासाघीस नाही, हप्ते नाहीत, आणि आमच्या अभिमन्यूला काय पडलंय? तर म्हणे, "पण तो घेतोय कशाला?" अरे बाबा, तुला विकायचंय ना? मग वीक की! गिऱ्हाईक दुकानात येऊन सदरा मागतं तेव्हा विचारतोस का, कुठं घालणार म्हणून?

अभिमन्यू म्हणजे आमचा शेजारी हो. इथं सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचं त्याचं दुकान, माझ्या दुकानाला भिंत लागून. पलीकडं मशीनचा आवाज थांबला की मला इकडं कळतं, याच्या डोक्यात काहीतरी शिरलं! आणि डोक्यात शिरायला कारणही तसंच. दुकान भाड्याचं. जागेचा मालक म्हणाला, "मला जागा काढायचीय. दिवाळीपर्यंत तुम्ही घ्या, पहिला मान तुमचा, नाहीतर मी दुसरं गिऱ्हाईक बघतो." आता आली का पंचाईत? सगळा संसार त्या शिलाई मशीनवर, जागा गेली तर जायचं कुठं? तेव्हा याला आठवलं, अरे, आपलं मंद्रूपकडं रान आहे की, आजोबांपासून आलेलं!

रान म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, नुसता माळ! खाली मुरूम, वर बाभळी, मधेमधे कडुलिंब, एका कोपऱ्यात चिंच. विहीर नाही, वीज नाही, रस्ता म्हणाल तर गाडीवाट. लहानपणी अभिमन्यू तिथं गेला, पायात काटा मोडला, मोठ्यानं रडला, आणि त्यानंतर त्या दिशेला फिरकला नाही. असल्या रानाला कोण विचारणार? पण विचारलं! शिवप्पा नावाचा माणूस, अक्कलकोट रोडला लाकडाची वखार, गावाकडं स्वतःची थोडी शेती. आला, रानातनं हिंडला, प्रत्येक खोडावर थाप मारली, मान वर करून शेंड्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "घेतो."

बास! इथंच खरी गंमत सुरू झाली.

कारण अभिमन्यूची आत्या, बजाबाई. राहते मंद्रूपला, रानात निम्मा हिस्सा तिचा, तिच्या सहीशिवाय पान हलत नाही. हा पेढे घेऊन गेला. आत्यानं पेढा खाल्ला, हात पुसला आणि म्हणाली, "सही करतीया की. मला कुटं डोक्यावर घिऊन जायाचं हाय रान? पर त्यो घेतोय कशाला, तेवढं इचारून ये."

"लाकडाचा धंदा आहे त्याचा, आत्या."

"मग लाकूड तोडून न्ह्यावं की! उभी झाडं इकत घ्यायची, तोडायची, गाडीत भरायची. भुई कशाला लागतीया त्येला? भुई काय चुलीत घालतोय?"

झालं! आता हा प्रश्न एकदा कानात गेल्यावर माणसाला झोप लागेल का? खरंच की! लाकूड पाहिजे तर जमीन कशाला? जमीन पाहिजे तर तीच कशाला? मशीन थांबली. मी भिंतीवर थाप मारली, "काय रे?" तर पलीकडनं आवाज, "पण तो घेतोय कशाला?"

म्हटलं, अरे शहाण्या, त्यालाच विचार! तर हा म्हणतो, "तसं कसं विचारू? उद्या त्याच्याच डोक्यात आलं, खरंच की, मी घेतोय कशाला, आणि निघून गेला तर?" म्हणून पठ्ठ्यानं सगळ्या सोलापूरला विचारलं, एक शिवप्पा सोडून!

चहावाला म्हणाला, "हायवे जाणार तिथनं, नक्की." बँकेतला ओळखीचा म्हणाला, "सोलर हो, सोलर! माळ दिसला की काचा लावतात." मेहुणा जोतिराम तर कळस! तो म्हणाला, "दाजी, खाली पाणी आहे, त्याला पत्ता लागलाय, थांबा, मी बघतो." तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रानातनं चालायचं, पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणे. गेले दोघे मोटारसायकलवर. आणि नारळ राहिला उभा! चिंचेखाली राहिला, बाभळीखाली राहिला, खडकावर राहिला... येताना चहाच्या टपरीवर जोतिरामनं नारळ हातात धरला, तर तिथंही उभा! टपरीवाला म्हणाला, "पाव्हणं, पाणी पायजे तर भरल्याला जग हाय की हितं."

वैजयंतीवहिनी, म्हणजे याची बायको, काजं करता करता एवढंच म्हणाली, "अहो, तोंड आहे ना त्या माणसाला? मग विचारा की!" पण नाही! घरातल्या शहाण्या माणसाचं ऐकायचं नाही, हा आपल्याकडं नियमच आहे.

इकडं दिवाळी जवळ. जागेचा मालक रोज दारावरनं जाताना खाकरायचा, पुढं एका दिवशी तर दुसऱ्याच कुणाला घेऊन आला आणि भिंती दाखवायला लागला. शिवप्पाचा फोन, "सार, कधी करायचं?" आत्याचा फोन, "कळलं का रं?" शेवटी आत्याच वैतागली. म्हणाली, "तुला जमायचं न्हाई. त्येला बाजारच्या दिवशी हितं घिऊन ये."

आला शिवप्पा. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, बरोबर बायको बसव्वा. ओट्यावर बसले, चहा झाला. अभिमन्यू आत्याला डोळ्यानं खुणावतोय, हळू, हळू, आडवळणानं... पण आत्या कसली आडवळणाची! बशी खाली ठेवली आणि विचारलं,

"काय रं बाबा, रान घेतोस कशाला?"

अभिमन्यूनं डोळेच मिटून घेतले. मनात म्हणाला, गेलं! रान गेलं, दुकान गेलं, दिवाळी गेली!

शिवप्पा लाजला. एवढा मोठा माणूस, मिशीवाला, नव्या नवरीसारखा लाजला हो! बायकोकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं, म्हणाला, "एनू इल्ला, अक्का. काय न्हाई... बसायला."

"बसायला?"

"व्हय. बसायला."

"पाच एकरात?"

"तसं न्हवं अक्का. सगळं आयुष्य झाडं घेतली मी. उभी बघितली की मनात माप चालू, किती फूट, किती फळ्या. आडवी केली, कापली, इकली. माझं म्हणून एक झाड न्हाई. आता पोरगा वखार बघतोय. म्हटलं, एक रान घ्यावं, त्याला कुऱ्हाड लावायची न्हाई. खाली बसायचं. तुमच्या रानात तोडायला कुणी फिरकलंच न्हाई, म्हणून झाडं ऱ्हायली. पर अक्का, वखारीत कुणाला सांगू नका, लोक हसतील मला."

बसव्वा पदरातनं हसली. "बघू की, किती दिस कुऱ्हाड लावत न्हाई ते."

आत्यानं रिकाम्या कपबशा बाजूला सारल्या. मग अभिमन्यूला म्हणाली, "कुटं सही करायची ती सांग."

"आत्या, तुला खरं वाटलं?"

"आरं, खोटं बोलणारा माणूस यापेक्षा बरं काईतरी सांगंल की!"

झाला व्यवहार. दिवाळीआधी जागा अभिमन्यूच्या नावावर, दुकानाला रंग, दारावर तोरण, मला पेढा. म्हटलं, सुटलो बाबा! कुठलं सुटणार? पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन थांबली. मी भिंतीवर थाप मारली. "आता काय?" तर म्हणतो, "खरंच तोडत नसेल का रे तो?"

गेला बघायला. रविवारी. झाडं जागेवर, चिंचेखाली बाज, बाजेवर शिवप्पा, घोरत. हा परत आला. पण पुढच्या रविवारी वाटलं, गेल्या वेळी नसतील तोडली, आता? परत गेला. मग त्याला दिसलं की बाभळीला पिवळी फुलं आलीत, मग पाखरांची घरटी दिसली, मग म्हणे हे कुठलं पाखरू, याचं नाव काय, हे इथंच का राहतं... प्रश्न संपतात का? डबा घेऊन जायला लागला. बाटलीतनं लिंबाच्या रोपांना पाणी घालायला लागला. काटेसुद्धा टोचत नाहीत म्हणे आता!

आणि परवा काय झालं, तर चिंचेखाली बाज रिकामी. यानं घाबरून फोन लावला, "शिवप्पा, बरं आहे ना? आला नाहीत?" तिकडनं म्हातारा निवांत म्हणाला, "तुमी हाय की तितं, सार. मग मी कशाला येऊ? आणि जाताना शेरडं आत आली न्हाईत ना, तेवढं बघा."

बघा म्हणजे! रान याचं होतं तेव्हा हा आपणहून कधी तिकडं फिरकला नाही, आता दुसऱ्याला विकलंय, तर दर रविवारी स्वतःचं पेट्रोल जाळून तिथं शेरडं हाकलतोय! आणि या राखणीच्या पगाराचं काय म्हणाल तर, एवढ्या जगाला प्रश्न विचारत हिंडणारा माणूस, तेवढं मात्र त्यानं अजून कुणालाच विचारलेलं नाही.